आईची पळी आणि आप्पांचा रस्सा

आप्पांचा रस्सा चांगला व्हायचा. आप्पा तेवढे चांगले नव्हते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. लिंबाखाली तीन दगडांची चूल, वर पातेलं, हातात पळी घेतलेले आप्पा. शेजारी मी लसूण सोलतेय आणि माझा धाकटा भाऊ दत्ता फुंकणीनं जाळ फुंकतोय.

खाली कमेंट. ‘बायको माळकरी म्हणून दर रविवारी स्वतः रांधायचा. बाप असावा तर असा.’

मी लाईक केलं नाही. तीनदा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. शेवटी ग्रुपवर नको, इथं माझ्या भिंतीवर लिहितेय.

आईच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ आहे. मटण घरात शिजायचं नाही, हे लग्न ठरतानाच ठरलं होतं. त्यामुळे आमच्याकडे वशाटाची भांडी बाहेर, गोठ्याच्या फळीवर. पातेलं वेगळं, वाट्या वेगळ्या, पळी वेगळी. इनामगावच्या आसपास माळकऱ्याच्या कुठल्याही घरात हेच दिसेल.

आप्पा कोरेगावच्या बाजूला कंपनीत होते. रविवारी वीकली ऑफ. संध्याकाळी चूल पेटायची, कंपनीतले दोघंतिघं मित्र यायचे.

रस्सा पहिल्यांदा आमच्या तळहातावर पडायचा. मीठ बघा म्हणायचे. चुलीजवळ फार सरकलो तर दंडाला धरून मागं ओढायचे. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

पण जेवायला बसलं की ताट पुढं करायच्या आधी विचारायचे, “कुणाचं चांगलं? आईचं का माझं?”

आम्ही म्हणायचो, “तुमचं.”

मग ते दाराकडं बघून मोठ्यानं म्हणायचे, “ऐकलं का, महाराज?”

आत आई एकटी भाकरी खात असायची. महाराज म्हणजे ती.

एका रविवारी बाहेरच्या पळीचा दांडा निखळला. आई देवळात हरिपाठाला गेली होती. आप्पा घरात गेले आणि आईची पळी घेऊन आले. पातेल्यात घातली, ढवळलं, वाढलं. नंतर धुतली आणि होती तिथं खिळ्याला अडकवली.

आम्ही दोघंही बघत होतो. आम्हाला वाटलं, मोठ्या माणसाला चालत असेल.

आठवडाभर आई त्याच पळीनं वरण वाढत होती. स्वतःही तेच खात होती.

पुढच्या रविवारी मित्र जमल्यावर आप्पांनी ते सांगितलं. सगळ्यांसमोर, हसत.

“आमच्या मंडळींनी आठवडाभर मटणाच्या पळीनं वरण खाल्लंय. माळ तुटली का? न्हाई तुटली. मग कशाला एवढी थेरं?”

मित्र हसले. एकजण तर घास हातात धरून हसत राहिला.

आई बाहेर आली. तिच्या हातात पळी होती. ती तिनं गोठ्याच्या फळीवर, बाहेरच्या भांड्यांत ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातलं भांडं न् भांडं राखेनं घासलं. शिरूरच्या बाजारातून नवी पळी येईपर्यंत आम्हाला वाटीनं वरण वाढलं. वाटी गरम व्हायची, ती पदरानं धरायची. पळी तिनंच जाऊन आणली. आप्पा म्हणत राहिले, गंमत केली, एवढं काय त्यात.

मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. एका पळीवरून मेलेल्या माणसावर राग धरायचा? त्यांनी कधी दारूला हात लावला नाही. आईवर हात उचलला नाही. मला दौंडला कॉलेजात घातलं ते भावकीचा विरोध पत्करून.

तरी राग जात नाही.

त्या घरात जमीन त्यांची, पगार त्यांचा, पोरंसुद्धा “तुमचं” म्हणणारी. आईचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. तिला न सांगता त्यांनी तेवढंच घेतलं. वर चारचौघांत हसण्यावारी नेलं.

आज श्राद्धाचं गोड जेवण झालं. तात्या, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, हात धुऊन ओट्यावर बसले. येत्या रविवारी लिंबाखाली चूल मांडायची, आप्पांच्या पद्धतीनं रस्सा करायचा, नातवंडांना खाऊ घालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. दत्तानं मान हलवली. इथवर ठीक होतं.

मग तात्या आईकडं वळले. “आन् वहिनी, त्या दिवशी माळ जरा बाजूला ठिवा. आप्पासाठी एक घास खावा. त्याच्या जिवाला बरं वाटंल.”

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला.

मी तोंड उघडणार होते. वर्षभराचं, खरं तर लहानपणापासूनचं साठलेलं सगळं तयार होतं.

आई माझ्या आधी बोलली. आवाज नेहमीचाच.

“चूल मांडा भावजी. पोरांचं खायाचं वय हाय, खाऊ द्या. माळ हाय तिथंच ऱ्हाईल. आन् पळी तेवढी तुमची तुमी आणा. माझ्या घरातली मिळायची न्हाई.”

तात्यांना काही कळलं नाही. म्हणाले, पळीचं काय एवढं, आणू की.

दत्ताला कळलं. तो खाली बघत होता. तेव्हा तो एवढासा होता, मला वाटायचं त्याच्या लक्षातही नसेल. तो म्हणाला, “पळी मी आणतो.”

आप्पा, रविवारी तुमच्या नातवंडांना रस्सा मिळेल. कुणाचं चांगलं, असं त्यांना कुणी विचारणार नाही. मी तिथं असेन.

श्रद्धांजली.

भावपूर्ण हा शब्द आज माझ्याच्यानं लिहवत नाही.