वर्गातली दुसरी मुलगी

तारीख दहा एप्रिल, वार रविवार. वर्गणी माणशी हजार रुपये. ठिकाण नांदेडजवळ विष्णुपुरीला, एका वर्गमित्राच्या शेतातली पत्र्याची शेड. हजर एकोणीस, त्यांत बाई मी एकटी. लातूरला रेल्वेनं पाणी येणार होतं ते त्याच आठवड्यात. त्यामुळे लातूरहून गेलेल्या आम्हा चौघांना ज्यानं त्यानं आधी एकच विचारलं, "आंघोळ करून आलात का?"

आमच्या बी.कॉम.च्या वर्गात साठाच्या वर मुलगे होते आणि मुली दोन. पहिल्या बाकावर भिंतीकडे ती, दाराकडे मी. मी नांदेडचीच. ती हिमायतनगरकडच्या एका खेड्यातली, मामाकडे राहून शिकायची. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो आणि निकाल लागल्यावर पांगलो. त्याच वर्षी पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. मला पाहायला आलेली मंडळी लातूरची, आडत दुकानवाली. "आता आमचं जिल्ह्याचं गाव," असं ते बैठकीत दोनदा म्हणाले, जणू जिल्हा मुलाच्याच नावावर होता. वर्गातल्या मुलग्यांना मात्र त्या जिल्ह्याचा खरा उपयोग झाला. नवीन कचेऱ्या निघाल्या, कारकून लागले, आणि आमच्यातले सातआठ जण तिकडे चिकटले. आता ते निवृत्तीला आले होते.

मला शोधायला त्यांना दोन वर्षं लागली. आडनाव लग्नात बदलतंच, पण ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहिलं गेलं तेव्हा माझं पहिलं नावही गेलं. सापडले ती पाण्याच्या टाकीमुळे. आमच्या गल्लीत भावकीची चार घरं, सगळ्यांचं आडनाव एकच. टँकरच्या रांगेत प्लास्टिकच्या टाक्या लावल्या की कुणाची कोणती यावरून रोज भांडण. म्हणून मी माझ्या दोन टाक्यांवर ऑइलपेंटनं माहेरचं नाव घातलं, आडनावासकट. ते नाव वाचून टँकरसोबत आलेला नळखात्यातला माणूस थबकला.

"हे नाव कुणाचं?"

"माझं. का? बाहेरच्या नावाला पाणी नाही का?"

"नांदेडला कॉमर्सला होता का तुम्ही? पहिला बाक?"

तो आमच्याच वर्गातला निघाला. त्यानंच मला त्या शेडपर्यंत नेलं.

तिथं मला कुणी ताई म्हणालं, कुणी मॅडम. एकजण वहिनी म्हणाला, त्याला माझा नवरा कोण हे ठाऊक नसताना. तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो, त्यामुळे काय म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं. एकेकानं उभं राहून आपली माहिती सांगितली: नोकरी, मुलं, घर, साखर आहे का नाही. सगळ्यांचं ऐकण्यात मला मनापासून गोडी वाटत होती. ज्याला जमाखर्च कधी जुळवता आला नाही तो बँकेतून निवृत्त झाला होता. जो सगळ्यांत पुढे जाईल असं सर म्हणायचे, त्याचं मंगल कार्यालय होतं आणि पाणी नसल्यानं त्या वर्षी सगळ्या तिथी रिकाम्या गेल्या होत्या.

मग मी भिंतीकडे बसायची तिच्याबद्दल विचारलं.

"अमेरिकेत हाय ती," एकजण म्हणाला. "माझ्या साडूनं पाहिली."

"तुझ्या साडूनं तिला कॉलेजात तरी पाहिली होती का?"

"न्हाई."

"मग वळखली कशी?"

दुसरा म्हणाला, हैदराबादला बँकेत मॅनेजर आहे. तिसरा खाली बघून म्हणाला, "मी तर वारली असं ऐकलं." मग तिची छत्री काळी नव्हती, निळी होती. ती गुरुवारी डबा आणायची नाही. असं एकेक निघायला लागलं. मला नवल वाटलं. मी विचारलं, "तुमच्यापैकी तिच्याशी बोललंय कोण?"

मंगल कार्यालयवाल्यानं हात वर केला. "मी. एकदा. तिनं विचारलं, सर आले का. मी म्हणलं, न्हाई."

"पुढं?"

"पुढं काय. सर आले."

जेवणं झाल्यावर हिशेब मी पाहिला, कारण आचाऱ्याला दिलेल्या पैशाची पावती मागणारी मीच निघाले. त्यांनी लगेच खजिनदारी माझ्या गळ्यात घातली. मी सरळ सांगितलं, "ती सापडली तर. नाहीतर ही माझी पहिली आणि शेवटची वर्गणी. मी बसले की तुम्ही विनोद अर्ध्यात गिळता, आणि मी उठले की हसू ऐकू येतं. अठरा पुरुषांत अशी एकटी मी पुन्हा बसणार नाही."

"मग बायकांना आणू की आमच्या," एकजण म्हणाला.

"नको रं बाबा," चारपाच जण एकदम म्हणाले.

त्यांनी तिला कसं शोधलं होतं तेही मी विचारून घेतलं. बँकांत, कचेऱ्यांत, मोबाइलवर, सगळीकडे कॉलेजातल्या नावानं. मी म्हटलं, "ते नाव आता तिच्याकडे नाहीच. बाई सासरी कुठं आहे ते माहेरी विचारायचं, आणि तेही पंचमीला. त्या दिवशी ती तिथंच असेल."

म्हणून श्रावणात नागपंचमीला मी माझ्या माहेरी नांदेडला गेले आणि तिथून नळखात्यातल्याला सोबत घेऊन भोकरमार्गे तिच्या गावी. पाऊस बरा झाला होता, कापूस गुडघ्याला लागला होता. लिंबाला झोके बांधलेले, नव्या साड्यांतल्या लेकी झोक्यावर. मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत चालले होते. तिच्या वयाच्या दोघीतिघी होत्या, ती नव्हती.

भाऊ ओट्यावर बसला होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सोबत्याकडे, आणि मग सोबत्याच्या काखेतल्या चामडी बॅगेकडे. ती बॅग त्याला कचेरीत जाताना लागते. त्या दिवशी तिच्यात छत्री आणि केळी होती.

"तिनं पाठवलं का तुम्हाला?"

"न्हाई हो, आम्हीच तिला शोधून राहिलो," माझा सोबती म्हणाला.

"वकील हाव का?"

"नळखात्यात हाय मी. लातूरला."

"मंग नळाच्या मानसाचं सातबाऱ्यात काय काम? तिची सही झालेली हाय. हक्कसोड झाली, साडीचोळी झाली. लई जुनी गोष्ट हाय ती."

वडिलांच्या जमिनीतला वाटा बहिणीनं भावाला सोडून दिल्याचा तो कागद. मी कितीदा सांगितलं की आम्ही एका वर्गात होतो, आम्हाला जमिनीचं काही नको. त्याला ते पटेना.

"कोणता वर्ग? तीस वरसानं वर्गाचं इचारायला कोन येतंय, बाई?"

खरं सांगायचं तर त्याचंही चुकत नव्हतं. मीही त्याच्या जागी असते तर बॅगेकडेच बघितलं असतं. मी पाणी मागितलं आणि ते प्यायला आत गेले. आत त्याची बायको पुरणाचे दिंड उकडत होती. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि मान वर न करता हळू बोलली.

"चाकूरला हाईत वन्सं. बस स्टँडच्या मागं पिठाची गिरनी. सहा वर्सं झाली, पंचमीला आल्या न्हाईत. बोलवा म्हनलं तर हे म्हंतात, आली की वाटा मागंल. तुमी गेलात तर सांगा, त्यांचा झोका म्या दरसाल बांधते म्हनावं."

चाकूर! लातूरहून नांदेडला जाताना माझी बस चौतीस वर्षं चाकूरवरूनच गेली आहे. त्या स्टँडवर मी चहा प्यायले आहे, मुलांना लघवीला उतरवलं आहे. ती अमेरिकेत, हैदराबादेत, वर गेलेली. आणि गिरणी स्टँडच्या मागे.

परतीच्या वाटेवर आम्ही चाकूरला उतरलो. गिरणीच्या दारात तीन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. आत पट्ट्यांच्या आवाजात एक बाई गव्हाचं दळण घालत होती, भुवयांवर पीठ. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि बटण दाबून गिरणी बंद केली.

"दाराकडची!" ती म्हणाली.

डबेवाल्या बायकांना तिनं सांगितलं, "थांबा गं जरा. आमचा वर्ग भरला."

नवऱ्याची गिरणी, दोन मुलगे, एक पुण्याला, एक इथेच औषधांच्या दुकानात. हे तिनं चार वाक्यांत उरकलं. मग मला सोडूनच वर्गाची चौकशी सुरू केली. शेवटच्या बाकावर झोपायचा तो? दोन रंगांच्या चपला घालून आला होता तो? ज्याला तिनं सरांबद्दल विचारलं तो?

"मंगल कार्यालय आहे त्याचं."

"बोलायला शिकला का?"

मी तिच्या निळ्या छत्रीचं सांगितलं. "अगं, ती मामीची. फाटकी होती, म्हणून मी कधी उघडलीच न्हाई. त्यांना निळी दिसली, भोकं न्हाई दिसली." माझा सोबती बॅग मांडीवर घेऊन बसला होता. तो खाली बघून हसला.

मला चौतीस वर्षं एक विचारायचं होतं. "तुझ्या सीएचं काय झालं गं?"

"माझ्या?" तिनं पदरानं भुवया पुसल्या. "मला कुठं सीए व्हायचं होतं? मला मामीच्या घरातून निघायचं होतं. सीए तुला व्हायचं होतं. रोज सांगायचीस."

मी नाही म्हणाले. ती हो म्हणाली. अजून आमचं ते मिटलेलं नाही. मी घरी येऊन बराच विचार केला. नक्की सांगता येत नाही एवढंच मी लिहू शकते.

झोक्याचा निरोप मी सगळ्यांत शेवटी दिला. तिनं रिकामा डबा उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"दादा काय म्हणाला?"

"दादा याच्या बॅगेला भ्याले."

त्यावर ती इतकी हसली की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. मग मी मुद्द्यावर आले. तू आलीस तर मी जाणार, नाहीतर नाही.

"अठरा बाप्ये? अगं, लग्नात बी एवढे बाप्ये मी एका जागी गप बसलेले पाहिले न्हाईत."

"म्हणूनच तुझ्याकडे आलेय."

"हितं या सगळे. मी वाढीन."

"वाढायचं नाही. माझ्याशेजारी बसायचं."

तिनं थोडा वेळ गिरणीकडे पाहिलं. "वर्गणी किती?"

"हजार. पण तुझी आम्ही..."

"माझी मी भरीन. कुणी माफ केली तर येनार न्हाई. सोडलेलं लई झालं आता."

पुढच्या जानेवारीत चाकूरला एक छोटं सभागृह घेतलं. हजर वीस, त्यांत बायका दोन. आम्ही पोहोचलो तेव्हा खुर्च्यांच्या चार रांगा होत्या, आणि साठीला आलेले ते अठरा जण आपण होऊन दुसऱ्या रांगेपासून मागे बसले होते. पहिली रांग अख्खी मोकळी. ती भिंतीकडे बसली, मी दाराकडे. मंगल कार्यालयवाला मागून म्हणाला, "सर आले का?"

"न्हाई," तिनं मागे वळून सांगितलं. "तुम्ही बोला तोवर."

त्या दिवशी कुणी विनोद गिळला नाही. दोनतीन गिळले असते तर बरं झालं असतं.

जमा वीस हजार. सभागृह, आचारी, मांडववाला, पाण्याचे जार हे सगळं देऊन अकराशे चाळीस उरले. पुढच्या वर्षाला राहू द्या, असं मी म्हणणार होते, पण नळखात्यातल्यानं वेगळंच सुचवलं आणि सगळ्यांनी हात वर केले. तिनं हात वर केला नाही. ती फक्त रंग सांगत होती.

साडी आणि खण मिळून अकराशे चाळीस. तिच्या माहेरी तोच घेऊन गेला, या वेळी बॅग घरी ठेवून. कुणी पाठवली, असं भावानं ओट्यावरून विचारलं. वर्गानं, असं त्याच्या बायकोनं सांगितलं आणि साडी आत नेली. पावतीवर मी घेणाऱ्याच्या जागी लिहिलं: वहिनी.