कागदाला घाम येत नाही

बार्शीहून सोलापूरची पहिली गाडी धरली तेव्हा माझी पिशवी रिकामी होती, पण डोक्यात दोन कामे होती आणि ती एकमेकांची वैरी होती. सोलापुरातल्या छापखान्यातून माझ्या पत्रकांचा गठ्ठा घ्यायचा आणि दुपारी पाळी सुटताना गिरणीच्या दारात वाटायचा, हे पहिले. पत्रकाचे नाव होते 'चैन कोणाच्या जिवावर?' दुसरे काम आईचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या हातावर लावायला तिला हिना अत्तर हवे होते.

"तुझी क्रांती आटोपली की शुक्रवार पेठेत जा," तिने बजावले होते. "अत्तराशिवाय घरी येऊ नकोस."

वैराग मागे पडले तसे ऊन खिडकीतून आत आले. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आलेली, मचाणावर उभ्या बाया गोफण फिरवत पाखरे हाकत होत्या. सोलापूर जवळ आले की आधी धुराडी दिसतात, मग शहर. स्टँडवर उतरलो आणि टांगेवाल्यांना चुकवत पायीच निघालो. तत्त्व म्हणून. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला, पण तत्त्व शाबूत राहिले.

छापखान्यातला गठ्ठा अजून शाईने ओला वाटत होता. पत्रकातले एक वाक्य माझे मलाच फार आवडले होते आणि ते मी ठळक टाइपात घ्यायला लावले होते: 'अत्तर म्हणजे दुसऱ्याच्या घामाकडे पाठ फिरवण्याची सोय.' हे वाक्य काखेत धरून मी अत्तराच्या दुकानात शिरलो.

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात ते दुकान होते, कपाटाएवढेच. कापडी गादीवर पांढऱ्या दाढीचे हसनचाचा बसलेले. मागे, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत, त्यांची मुलगी सलमा अत्तर गाळून बाटल्यांत भरत होती. वीस-बावीस वर्षांची, माझ्याच वयाची.

"मला अत्तर आवडत नाही," मी आत पाऊल टाकता टाकता जाहीर केले. "आईसाठी हिना हवाय."

चाचा दुखावले नाहीत. उलट खुलले. "सलमा, मिल गया आदमी!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बैठो मियाँ. एक काम है तुमसे."

काम असे होते. तापातून उठल्यापासून चाचांचे नाक मंदावले होते. मुलगा परगावी नोकरीला. सलमाने स्वतःच्या अंदाजाने नवे अंबर बांधले होते. (अंबर म्हणजे राळ, धूप आणि मसाल्याचे गरम जातीचे अत्तर.) त्यात तिने फळाचा वास मिसळला होता, जो त्यांच्या घरात आजवर कोणी मिसळला नव्हता. ते जमले असेल तर उद्यापासून गादीवर तिने बसायचे, असे चाचांनी ठरवले होते. नातेवाईक म्हणत, पोरीची जात, गादीवर कशी बसेल?

"गल्लीतल्यांना विचारून उपयोग नाही," चाचा म्हणाले. "कोणी माझं मन राखायला चांगलं म्हणेल, कोणी पोरगी आहे म्हणून वाईट म्हणेल. तुम ना हमारे, ना अत्तर के. दिवसभर हातावर वागवा आणि गाडीच्या आधी येऊन सांगा."

मला भरून आले. स्त्रीश्रमावर मी एक वेगळे पत्रक लिहिले होते. "परीक्षा कशाला हवी?" मी म्हणालो. "बसवा की त्यांना गादीवर! माझा पूर्ण पाठिंबा आहे."

जिन्याखालून आवाज आला, स्वच्छ शाळेतल्या मराठीत. "मला पाठिंबा नको. अत्तर कसं झालंय ते सांगा."

चाचांनी काचेच्या काडीने माझ्या डाव्या मनगटावर एक थेंब टेकवला. "रगडना नक्को," ते म्हणाले. नाकाशी नेले तर पिकून फुटलेले सीताफळ, वर खजूर, आणि त्या दोघांवर कोणीतरी पाक ओतलेला. मिठाईवाल्याच्या भट्टीत तोंड घातल्यासारखे वाटले.

बोळाच्या तोंडाशी आलो आणि घाबरलो. दोन तासांनी पोट भरायचे, पाच तासांनी गिरणीच्या दारात उभे राहून चैनीविरुद्ध बोलायचे, आणि हाताला हा वास! मी इकडेतिकडे पाहिले, गठ्ठ्याच्या कडेवर मनगट खसखसून घासले, मग नळाखाली धुतले. संध्याकाळी 'उत्तम आहे' म्हणून सांगायचे, असे मनाशी ठरवून टाकले. मुलगी गादीवर बसावी हे माझे मत होतेच. मग वासाची काय गरज?

दुपारी गंगव्वाच्या खाणावळीत शिरलो. "बर्री, बर्री," (या, या) म्हणत तिने पाट दिला. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. भाकरी इतकी कडक की मोडताना तिचा आवाज शेजारच्या पाटावर ऐकू जावा. चटणीने कानांतून वाफ निघाली आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतली. गंगव्वा गठ्ठ्याभोवती घुटमळत होती.

"पिशवीत बोरं हायत काय रं? लई गोड वास येतोय की."

"पत्रकं आहेत, अव्वा."

तिने एक उचलले, नाकाला लावले, डोळे मिटले. मग पदराला हात पुसून अजून दोन मागितली. मी हरखलो. "वाचता येतं तुम्हाला?"

"न्हाय. ट्रंकेत लुगड्यात ठेवते की."

गिरणीच्या दारात तर कहर झाला. भोंगा झाला, माणसे बाहेर पडली. एरवी पत्रक हातात घेऊन चार पावलांवर टाकणारे लोक आज परत फिरून मागू लागले. एका म्हाताऱ्या विणकराने कागद हुंगला आणि सोबत्याला तेलुगूत म्हणाला, "मंचि वासना!" मी दचकलो. सोबत्याने हसत सांगितले, तेलुगूत वासना म्हणजे नुसता वास. चांगला वास आहे, म्हणतोय.

"काय राव," तिसरा म्हणाला, "चैन करू नका म्हणून छापलंय आणि अत्तर शिंपडून वाटताय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. अर्ध्या तासात गठ्ठा संपला. माझ्या आयुष्यातले सर्वांत यशस्वी वाटप, आणि वाचले किती जणांनी, ते मला विचारू नका. हाती एकच प्रत उरली.

साडेचारला दुकानात परतलो. "उत्तम आहे," मी बसायच्या आधीच म्हणालो.

चाचांनी माझा हात धरून स्वतःच्या नाकाशी नेला आणि मान हलवली. "मेरे नाक का भरोसा नहीं. सलमा, देख."

ती पुढे आली. हाताला तिने स्पर्श केला नाही, वाकून एकदा श्वास घेतला. "यांनी पुसलंय, अब्बा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं अंबर सहा तासांत जात नाही. कुठं पुसलंत?"

चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा मी उरलेले पत्रक काढून पुढे ठेवले. तिने ते हुंगले. "कागदावर नुसता गोडवा राहिलाय. अंबर उघडलंच नाही." मग ती वाचू लागली. ठळक टाइपाशी येऊन थांबली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"अत्तर कोरड्या अंगाला कळत नाही. ऊब लागते, घाम लागतो. कागदाला घाम येत नाही." ती चिडली नव्हती, पण बाटलीचे बूच तिने गरजेपेक्षा जोरात दाबले. "तुम्ही उत्तम म्हणालात आणि मी गादीवर बसले, तर उद्या पहिल्या गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केल्यावर मी काय करू?"

माझ्या लेखी तो एक पाठिंबा होता. तिच्या लेखी रोजचे काम.

"पुन्हा लावा," मी म्हणालो. "घरी जाईपर्यंत हात धुणार नाही. खरं ते पोस्टकार्डावर लिहून पाठवतो."

चाचांनी दुसरा थेंब टेकवला आणि आईचा हिना बांधून दिला.

परतीची गाडी खच्चून भरलेली. दांडीला लोंबकळत, दोन कोंबड्या आणि एका दुधाच्या कॅनच्या मध्ये मी उभा राहिलो. पहिला तासभर तेच सीताफळ, तोच पाक. जीव नकोसा झाला. मग वैरागच्या अलीकडे कधीतरी, बाही घामाने चिकटली तेव्हा, गोडवा बाजूला सरला. खालून काहीतरी गरम वर आले: उन्हात तापलेले लाकूड, विझत आलेला धूप, आणि अगदी शेवटी पिकल्या बोरांचा हलका आंबटगोड वास. मी दांडीवरचा हात पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होतो.

शेजारचा शेतकरी म्हणाला, "पाव्हणं, गुऱ्हाळावरनं आलाय व्हय? वास लई झ्याक हाय."

घरी आल्यावर आईने हिना घेतला आणि माझे मनगट धरून ठेवले. "हे कुठलं? मला हेच का नाही आणलंस?"

जेवण व्हायच्या आधी मी पोस्टकार्ड लिहिले. 'पहिल्या तासात फार गोड. सहन होत नाही. फळ कमी करावे. नंतरचे अंबर मी आजवर घेतलेल्या कुठल्याही वासापेक्षा चांगले आहे, पण मी फारसे वास घेतलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावे.' गादीचा उल्लेख केला नाही. खरे लिहिताना भीती वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ. पत्रकात वाटेल तितके जळजळीत लिहिले तरी कोणाची गादी जात नसते.

गिरणीच्या दारातला घामेजलेला माणूस आणि अत्तर लावणारा शेठ यांच्यातले अंतर मला आजही मान्य नाही. पण त्या बोळात, जिन्याखाली बसून अत्तर गाळणारेही कोणी असते, हे मी कुठेच लिहिले नव्हते. पत्रक पुन्हा छापायला दिले तेव्हा ते ठळक वाक्य काढून टाकले.

रथसप्तमीच्या दोन दिवस आधी एसटीच्या कंडक्टरने एक पुडी आणून दिली. आत लहानशी कुपी, माझ्याच पत्रकात गुंडाळलेली. कोपऱ्यात शाळेतल्या वळणाचे अक्षर होते:

'फळ निम्मे केले आहे. उन्हात फिरून मगच सांगा. पुसू नका. सलमा, गादीवरून.'