ताईची कोलांटउडी

आमची ताई वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कोलांटउडी शिकायला निघाली, तेव्हा गादी माझी गेली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण सगळे तिचं कौतुक करतात आणि सहा महिने जमिनीवर कोण झोपलं हे कुणी विचारत नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. शाळेत शिवणकामाची बाई. चोवीस वर्षं तिने पोरापोरींना धावदोरा, काज, बटण आणि बाही शिकवली. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या आणि नजर समोरच्याच्या शिवणीवर, अशी ती शाळेत वावरायची आणि घरीही तशीच वावरते. टाचण्या ओठांत असताना तिला बोलता येतं, रागावता येतं, आणि एकदा तर मी तिला जांभई देतानाही पाहिलं आहे. माझ्या लग्नात सगळे माझं तोंड बघत होते, ही माझ्या कोटाची डावी बाही बघत होती. फोटोतसुद्धा तिची नजर तिथेच आहे.

तिची शिकवायची एक पद्धत होती. नवा वर्ग आला की पहिल्याच दिवशी ती एक बाही मुद्दाम चुकीची शिवायची, ती वर्गात फिरवायची आणि विचारायची, "सांगा, कुठे चुकलं?" बाईंची चूक काढायला मिळतेय म्हटल्यावर पोरं तुटून पडायची. मग सगळ्यांनी मिळून ती बाही उसवायची आणि नीट जोडायची. "चुका शोधायला पोरांना कधी कंटाळा येत नाही," ती म्हणायची, "मग तेच काम द्यावं."

एका वर्षी शाळेने शिवणकामाचा विषयच बंद केला. आठ मशिनी चादरींखाली झाकल्या गेल्या. हेडबाईंनी ताईला बोलावून सांगितलं की रिकामी जागा एकच आहे, खेळाच्या शिक्षकाची. शारीरिक शिक्षणाचा वर्षाचा कोर्स पास झालात तर ती तुमची, नाही तर आमचाही नाइलाज आहे. ताईने विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि घरी येऊन मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

माझ्या तोंडाला फाटक नाही. "ताई, वय बघ, वजन बघ," मी म्हणालो. "जिना चढून आलीस की अर्धा तास खुर्चीत बसतेस. लोकांना हसायला कारण कशाला देतेस?"

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म भरून आली.

कोर्सला तीस जण होते. एकोणतीस जण विशी-बाविशीतले, एका वेळी तीन पायऱ्या चढणारे. तिसावी ताई. पहिल्या दिवशी पोरांनी तिला लांबून मावशी म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशी तिने दोघांच्या उसवलेल्या ट्रॅकपँट जागेवर शिवून दिल्या. तिसऱ्या दिवसापासून मावशी रांगेत दिसली नाही तर रांग हलेनाशी झाली. शिकवणारे सर लहानखुरे, ताठ, गळ्यात कायम स्टॉपवॉच. मुलं त्यांना घड्याळसर म्हणत. त्यांचा एकच नियम होता: आधी करून दाखवा, मग शिकवा. ज्याला स्वतःला करून दाखवता येत नाही, त्याने शिट्टीला हात लावायचा नाही.

ट्रॅकपँट आणायला ताई दुकानात गेली, ती उलटी करून आतली टीप पाहिली, दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि रिकाम्या हाताने परत आली. मग तिने स्वतःच शिवली. इस्त्रीची घडी असलेली, पाच खिशांची ट्रॅकपँट घड्याळसरांनी जन्मात पाहिली नव्हती. एका खिशात सुईदोरा, एकात खडू, एकात रुमाल, एकात गोळ्या आणि एक, तिच्या भाषेत, असू दे म्हणून.

धावण्यात तिने शंभर मीटर पूर्ण केले. किती वेळ लागला ते सांगायला घड्याळसरांनी नकार दिला. उंच उडीत ती दांडी पाडायची आणि मग तीच उचलून जागेवर ठेवताना दांडीला सॉरी म्हणायची. महिन्याभराने दांडी पडायची थांबली, पण सॉरी म्हणायची सवय गेली नाही.

नाव वल्हवायला सगळ्यांना तळ्यावर नेलं तेव्हा ताईने बुडू नये म्हणून अंगात घालायचं जॅकेट हातात घेतलं, शिवण जरा ओढून पाहिली आणि पट्टा तिच्या हातातच आला. "सर, ही कच्ची टीप आहे," ती म्हणाली. "याच्या भरवशावर मी माझ्या भावालासुद्धा पाण्यात सोडणार नाही." आणि काठावर फतकल मारून तिने अकराच्या अकरा जॅकेट जाड दोऱ्याने पुन्हा शिवली. दुपार झाली. घड्याळसर घड्याळाकडे बघत राहिले, पण बोलायची त्यांची टाप नव्हती, कारण मघाशी तेच जॅकेट घालून ते स्वतः तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन आले होते.

मग ताई नावेत बसली. चोवीस वर्षं मशीनचं चाक उजव्या हाताने फिरवलेलं. डावा हात नुसता कापड सरकवणारा. नाव जागच्या जागी गोल फिरू लागली. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर तिने शांतपणे विचारलं, "सर, किनारा कुठल्या बाजूला आहे?"

भिंत चढताना तर निम्म्यावर तिचा हात सुटला आणि ती दोराला लटकली. खाली सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती मात्र लटकल्या लटकल्या कमरेच्या पट्ट्याची शिवण तपासत होती. "ही चांगली आहे," वरून आवाज आला. "कुणी शिवली?"

हे सगळं ती घरी येऊन साग्रसंगीत सांगायची. गुडघे सोललेले, नाक उन्हाने लाल, आणि चेहरा मात्र असा की मला हेवा वाटावा. माझं म्हणाल तर मी पंधरा वर्षं एका खुर्चीवर बसून लोकांचे पाण्याच्या तक्रारीचे अर्ज घेतो. मला कुणी कधी दोराला लटकवलं नाही.

एक गोष्ट मात्र येईना. कोलांटउडी.

म्हणून गादी गेली. बैठकीच्या खोलीत टेबल भिंतीला लावून ताईने माझी गादी अंथरली, ती तिथेच राहिली. रोज सकाळी ती ओणवी व्हायची, हात टेकायची, डोकं खाली घालायची आणि तिथेच थांबायची. घरातलं सगळं कामकाज तिला वळसा घालून चालायचं. मग एक दीर्घ श्वास, एक ढकल, आणि ताई आडवी होऊन टेबलाखाली. दर वेळी डावीकडे. माझी बायको तिचे पाय धरून बघायची, मी चहाचा कप धरून सूचना करायचो. एकदा मी इतका हसलो की चहा नाकात गेला.

"अहो, हसता काय?" बायको कडाडली. "तुम्ही करून दाखवा बरं!"

"मला कुठे नोकरी हवी आहे?" मी म्हणालो.

ताई टेबलाखालून बाहेर आली नाही. तिथूनच म्हणाली, "डोकं खाली गेलं की पाय सुटायच्या आधी एक क्षण येतो. तेव्हा धरायला काही नसतं, रे. मी तिथे घाबरते. रोज ठरवते, आज घाबरायचं नाही, आणि रोज घाबरते."

मला लाज वाटली. फॉर्म भरायच्या आधी मी तिला जे बोललो होतो ते आठवलं आणि त्याहून जास्त लाज वाटली.

शेवटच्या परीक्षेत शाळेतल्या एका वर्गाला पाठ द्यायचा होता. दहा चिठ्ठ्या, दहा प्रकार, त्यातली एक उचलायची. आधी स्वतः करून दाखवायचं. ते जमलं नाही तर परीक्षक हात वर करणार आणि पाठ तिथेच संपणार. पाठ गेला की कोर्स गेला, कोर्स गेला की शाळा. ताईला नऊ प्रकार येत होते.

मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो. ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगितलं होतं. जाळीच्या कुंपणाला नाक लावून मी उभा राहिलो. ताईने चिठ्ठी उचलली, उघडली, वाचली, पुन्हा घडीवर घडी घालून "असू दे"च्या खिशात ठेवली. मला चिठ्ठी वाचायची गरज नव्हती.

दोन परीक्षक होते. थोरले चहाला गेले होते, धाकटे पेन उघडून बसले होते. समोर गादी, गादीभोवती तीस मुलं. ताई ओणवी झाली. हात टेकले. डोकं खाली घातलं. थांबली. मी इकडे जाळी घट्ट धरली. मग ती ढकल, आणि ताई आडवी, डावीकडे, नेहमीसारखी, फक्त इथे टेबल नव्हतं.

परीक्षकांचा हात वर जायला लागला. ताई उठून बसली. समोर तीस चेहरे होते आणि ती त्यांच्यासमोर चुकली होती. चोवीस वर्षांची सवय. ती पटकन म्हणाली, "सांगा, कुठे चुकलं?"

हात अर्ध्यावरच राहिला.

पोरं तुटून पडली. "बाई, एक हात पुढे होता!" "हनुवटी वर होती!" "ढकल वाकडी दिली!" ताईने खडू काढून हात कुठे टेकायचे तिथे गादीवर खुणा केल्या. रुमाल काढून हनुवटीखाली दाबला आणि सांगितलं की हा शेवटपर्यंत पडू द्यायचा नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही घाबरलात."

ताईने त्या मुलीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "घाबरले. आणखी कोण घाबरतं?"

आधी कुणाचाच हात वर होईना. मग एक झाला, मग चार, मग निम्मा वर्ग. ताईने त्या निम्म्या वर्गाला पुढे बोलावलं आणि त्यांच्यापासून सुरुवात केली. खुणांवर हात, हनुवटीखाली रुमाल, पाठीवर ताईचा हात. एकामागून एक पोरं गादीवरून गडगडत गेली. चष्मेवाली चष्मा ताईच्या खिशात ठेवून दोनदा गेली.

धाकटे परीक्षक खुर्चीतून उठले होते. थोरले चहा संपवून आले, तसे धाकटे त्यांना म्हणाले, "सर, तुमचं हुकलं! बाईंनी आधी चुकीची कोलांटउडी दाखवली. आणि किती हुबेहूब! मी फसलो, हात वर करणार होतो."

इथे ताईने गप्प बसायला हरकत नव्हती. मी कुंपणामागून मनात ओरडत होतो, गप्प बस, गप्प बस. ती म्हणाली, "सर, तो देखावा नव्हता. मला खरंच येत नाही."

दोघेही मनापासून हसले. "विनय पुरे, बाई," थोरले म्हणाले. "आता मला दाखवा. अगदी तश्शीच चुकीची."

ताईचा नाइलाज झाला. ती ओणवी झाली. आता नीट येण्याचा प्रश्नच नव्हता. पडायचंच होतं आणि पडणं तिला उत्तम येत होतं. तेवढ्यात चष्मेवाली ओरडली, "बाई, रुमाल राहिला!" ताईने निमूटपणे रुमाल हनुवटीखाली धरला, डोकं खाली घातलं आणि गेली. सरळ. पाय वरून आले, पाठ गादीला लागली आणि ताई पलीकडे उठून बसली. गळ्यात टेप तसाच. हे कुणी केलं अशा चेहऱ्याने तिने मागे वळून पाहिलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. थोरले परीक्षक म्हणाले, "ही तर बरोबर आहे."

"मघाशी फार सुंदर चुकल्या होत्या हो," धाकटे हळहळले.

ताई पास झाली. कागदावर शेरा होता: "चुकीचे प्रात्यक्षिक दुसऱ्यांदा नीट जमले नाही." त्याबद्दल दोन गुण कापले होते. ती फाटकातून बाहेर आली ती संतापून. "चोवीस वर्षांत, बरोबर आलं म्हणून मी कुणाचे गुण कापले नाहीत!" स्कूटरवर मागे बसूनही तिची सरबत्ती चालू होती. मग वळणावर ती एकदम थांबली आणि माझ्या शर्टाची पाठ ओली व्हायला लागली. मी गप्प राहिलो. माझ्या बाबतीत ही बातमीच आहे.

आता ती शाळेत खेळ शिकवते. गादी अजून बैठकीतच आहे, मी शेवटी दुसरी घेतली. नव्या वर्गाला आधी चुकीची कोलांटउडी दाखवायची तिची इच्छा आहे, आणि पंचाईत अशी की आता तिला काही केल्या चुकता येत नाही. परवा तिने सातच्या सात बरोबर मारल्या, वैतागली आणि मला हाक मारली.

"इकडे ये. तू कर एक. मला बघून घेऊ दे."

"मला कुठे नोकरी..." मी सुरुवात केली, पण दारात बायको उभी होती. मी ओणवा झालो, हात टेकले, डोकं खाली घातलं. आणि तो क्षण आला, ज्याच्याबद्दल ताई टेबलाखालून बोलली होती. खरंच धरायला काही नव्हतं. मी बराच वेळ तसाच राहिलो. मग ढकल दिली आणि टेबलाखाली गेलो. डावीकडे.

ताई माझ्या शेजारी वाकून बसली. ती हसली नाही.

"सांग, कुठे चुकलं?"

हात, हनुवटी, ढकल, सगळं माझ्या तोंडावर तयार होतं. सहा महिने मी तेच तिला ऐकवत होतो.

"घाबरलो," मी म्हणालो.

"बरोबर," ताई म्हणाली, आणि खिशातून रुमाल काढून तिने माझ्या हनुवटीखाली सारला. "आता पुन्हा."