लंगडण्याचं सोंग

माझ्या मुलीला लंगडायला मी शिकवलं. चांगल्या धडधाकट पोरीला, ठरवून, कॉलनीच्या मैदानावर उभं करून शिकवलं. कुणी विचारलंच तर सांगायला पेरूपासून सुरुवात करावी लागते, आणि तिथेच माणसं हसायला लागतात.

पेरू म्हणजे देश, फळ नव्हे. तिथला फुटबॉलचा एक विंगर होता, मैदानाच्या उजव्या कडेने पळणारा. बुटका, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले. तरुणपणी मीही कारखान्याच्या संघात त्याच जागेवर खेळायचो, म्हणून असेल, पण एकदा मोबाइलवर त्याला पाहिलं आणि तो डोक्यात बसला तो बसलाच. तिकडच्या रात्रीच्या मॅच आपल्याकडे सकाळी सहा-सातला येतात. अर्धी मॅच चहाबरोबर घरी, उरलेली सिन्नरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. त्याची सगळी कारकीर्द मी अशी अर्धी अर्धी पाहिली. समुद्राकाठच्या गावातल्या छोट्या क्लबातून तो राजधानीत आला, तिथून मेक्सिकोला गेला, मग युरोपात. युरोपात वर्षभर त्याला बाकावर बसवून ठेवलं, तेव्हा मला जेवण गोड लागेना. बायको म्हणायची, तुमच्या पेरूवाल्याला बसवलंय, तुम्हाला नाही, जेवा गुपचूप.

तो परत मायदेशी आला तो एक युक्ती घेऊन. चेंडू दुसऱ्या बाजूला असला की हा मांडीला हात लावायचा आणि पाय ओढत चालायचा. तीनच पावलं. त्याला अडवायला ठेवलेला समोरचा बॅक निर्धास्त व्हायचा, मान वळवायचा. तेवढ्यात चेंडू यायचा आणि हा पठ्ठ्या सुटायचा. बॅकला कळेपर्यंत कडेवरून गोलसमोर क्रॉस पडलेला असायचा. पुढे पुढे तर तो लंगडायला लागला की अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवायचं. बॅक सोडून सगळ्यांना कळलेलं असायचं.

मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या संघात उजवी विंग. पायात वेग होता, पण बॅकला चकवणं जमत नव्हतं. मी तिला मोबाइलवर ते सोंग दाखवलं आणि संध्याकाळी मैदानावर घोकून घेतलं. मांडीला हात, तीन पावलं, चेहरा थोडा वाकडा, आणि पळ. महिनाभरात पोरगी माझ्यापेक्षा आणि त्या पेरूवाल्यापेक्षाही बरं लंगडायला लागली. तिचे सर हसून हसून बेजार. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

बायकोला मात्र हे पहिल्यापासून पटलं नाही. वास्तू तथास्तु म्हणते, असं शेजारच्या काकू म्हणायच्या. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, असलं काही आम्ही मानत नाही. तरी मुलगी घरात सराव म्हणून लंगडली की ही हातातलं काम टाकून ओरडायची, नीट चाल. मला म्हणाली, "लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हाला शाळेत कुणी सांगितली नव्हती का?" मी हसण्यावारी नेलं. तेव्हा मला सगळंच हसण्यावारी नेता येत होतं.

मग ती सकाळ आली. पेरूची महत्त्वाची मॅच होती, उत्तरार्ध मी बसमध्ये बघत होतो. मोहदरीच्या घाटाला बस लागली तसा तो लंगडायला लागला. मी शेजारच्या सोबत्याला कोपर मारलं, म्हटलं, बघ आता, सुटणार. स्टेडियममध्ये टाळ्या सुरू झाल्या. आणि नेटवर्क गेलं. घाटात ते नेहमीच जातं. मी चित्र थांबलेला फोन हातात धरून बसलो, चांगला हसत बसलो. घाट चढून वर आल्यावर चित्र आलं तेव्हा त्याला स्ट्रेचरवर घालून नेत होते. चेहऱ्यावर टॉवेल घेतला होता.

नंतर त्याची एक मुलाखत सापडली. भाषांतर करून वाचली, मोडकंतोडकं, पण कळलं. गुडघा आधीपासून दुखत होता. संघातली जागा जाईल म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी पहिल्या पावलालाच गुडघा गेला होता, तो बाकाकडे बघून हात करत होता, आणि त्याचे प्रशिक्षकही हसत टाळ्या वाजवत होते. दीड वर्ष तो घरी होता. आता गावातल्या त्याच जुन्या क्लबात शेवटची दहा-पंधरा मिनिटं खेळतो. आता खरोखरच लंगडतो, आणि लोक अजून टाळ्या वाजवतात.

मुलाखत वाचली त्याच दिवशी मी ठरवलं. मुलीला म्हटलं, ते सोंग बंद. ती अकरावीत गेली होती, ऐकते कशाला? माझ्याकडे तेवढं एकच तर आहे पप्पा, म्हणाली, आणि तोंडावर राज्याच्या शिबिराची निवड चाचणी आहे. शेवटी तोड निघाली. सोंग असेल तर तीनच पावलं. खरंच दुखलं तर सरळ खाली बसायचं, मग मॅच गेली खड्ड्यात. तिने माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं. मी मुलाखतीचं मात्र तिला सांगितलं नाही. पोर घाबरेल म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तिने मला काही विचारू नये, एवढंच मला हवं होतं.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. ती बाथरूमकडे गेली तरी माझे कान तिच्या चपलांकडे. डावं, उजवं, डावं, उजवं. एकदा पाय जरा घसटला तर मी पेपर टाकून उठलो. ती म्हणाली, चप्पल मोठी आहे पप्पा, मम्मीची आहे.

निवड चाचणीच्या दिवशी मी रजा टाकली. निवड समितीचे तिघे मंडपात खुर्च्यांवर बसले होते, सर साइडलाइनला, मी जाळीला धरून. पूर्वार्ध बरा गेला. उत्तरार्धात चेंडू पलीकडे असताना तिने मांडीला हात लावला. सरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मी पावलं मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चौथं पडलं. पाचवंही पडलं. ती खाली बसली नाही.

माझा धीर सुटला. जाळीचं दार ढकलून मी सरळ मैदानात. रेफरीने शिट्टी वाजवली, मंडपातले तिघे उभे राहिले, सर मागून हाका मारताहेत. मी तिच्यापर्यंत पोचलो. तिचा चेहरा घामाने निथळत होता.

"सोंग आहे पप्पा," ती दात आवळून म्हणाली. "बाहेर व्हा. माझी शपथ आहे."

मी बाहेर झालो. काय करणार? रेफरी बोलला ते खाली मान घालून ऐकून घेतलं. आणि पाच मिनिटांत पोरीने कडेने अशी मुसंडी मारली, असा क्रॉस टाकला, की गोल झाला आणि मंडपातल्या एकाने टाळी वाजवली. संध्याकाळी यादी वाचली तेव्हा तिचं नाव तिसरं होतं. शिबिर सोमवारपासून. सर म्हणाले, बाप असावा तर असा, पण मैदानाबाहेर. सगळे हसले, मीही हसलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. येताना पावशेर पेढे घेतले. गाडीवर मागे बसून ती आईला फोनवर सगळं सांगत होती, मी कसा आत धावलो त्याची नक्कल करत होती.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला खाली दाराशी सोडून मी गाडी लावायला मागच्या बाजूला गेलो. रोज दोन गाड्या हलवाव्या लागतात, वेळ लागतो. त्या दिवशी जागा मोकळी होती, लगेच परत आलो. ती पहिल्याच जिन्यावर होती. एका हाताने कठडा धरलेला. डावा पाय पायरीवर ठेवायची, थांबायची, मग उजवा वर ओढून घ्यायची. मी खाली उभा होतो, पेढ्यांचा पुडा हातात. जिन्यावर चकवायला कुणी बॅक नव्हता.

मी हाक मारली तशी ती तिथेच पायरीवर बसली. मी दोन पायऱ्या खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा उतरवला. गुडघा टम्म सुजला होता, हात लावला तर गरम. किती दिवस झाले, विचारलं. तीन आठवडे, म्हणाली. घरात ती नीट चालायची ना, कारण मी कान लावून बसलेलो असायचो, तिला ठाऊक होतं. मी तिला लंगडायचं सोंग शिकवलं होतं, न लंगडायचं सोंग ती आपली आपण शिकली होती.

"शिबिर झालं की दाखवू डॉक्टरला," ती म्हणाली. "तुमची शपथ पप्पा, तेवढं होऊ द्या."

मग मी तिला मुलाखतीचं सांगितलं. सगळं सांगितलं, टॉवेलसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी खिशातून फोन काढला आणि सरांचा नंबर लावला. ती नको नको म्हणत माझं मनगट धरायला लागली, रडायला लागली, वर दार उघडून बायको काय झालं म्हणून विचारत होती. पलीकडे रिंग वाजत होती. पण पाय तिने माझ्या मांडीवरून काढून घेतला नाही.