पाहूनच घेऊ

"थांब ना बाप्पा, पाहून राहिलो," असं म्हणून भाऊ चष्मा काढायचे, बनियनच्या टोकाने पुसायचे आणि डोळ्यांवर ठेवायचं सोडून कपाळावर चढवायचे. पुढचं पाहणं मग चष्म्याशिवायच चालायचं. तेवढ्यात माझी बायको चहा ठेवून जायची आणि तो निवायचा.

आम्ही चौघे खमरियाच्या कारखान्यातले. रविवारी दुपारी कांचघरला माझ्या ओट्यावर बसायचो. रमीचा कंटाळा आला तेव्हा माझ्या जावयाने पोकर शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये एकेक करून पाच उघडायचे. शेवटचं पान उघडल्यावर कुणी मोठा ढीग लावला, तर आपणही तेवढाच लावून त्याचे पत्ते पाहायचे, नाहीतर आपले पालथे टाकून गप बसायचं. ढीग चिंचोक्यांचा असे. तरी भांडणं व्हायचीच.

भाऊंनी पत्ते पालथे कधी टाकलेच नाहीत. हातात काही असो वा नसो, विचार भरपूर करायचे आणि शेवटी ठरलेलंच बोलायचे, "चलो, पाहूनच घेऊ." बहुतेक वेळा हरायचे. मग समोरच्याचे पत्ते निरखून म्हणायचे, "अच्छा, हे होतं काय." चिंचोके गेल्याचं दुःख दिसत नसे. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात शर्टाचं कापड घेतानाही हीच तऱ्हा. दुकानदार त्यांना पाहिलं की स्टूल पुढे करायचा, "भैया, बैठ के सोचिए." भाऊ सगळे तागे उलगडायला लावून राखाडीच घ्यायचे.

वहिनी गेल्यापासून ते एकटेच होते. मुलगा बेंगळुरूला. नात रविवारी व्हिडिओ कॉल करायची, तोही नेमका डावाच्या मध्ये. एकदा भाऊंनी फोन असा धरला की तिला त्यांचे पत्ते दिसले. "दादाजी, आपके पास तो राजा है," ती ओरडली. आम्ही तिघांनी मुकाट्याने पत्ते टाकले. "हुशार हाय पोरगी," भाऊ म्हणाले आणि पुढचे दोन डाव तेच सांगत राहिले.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली. मुलगा बोलावत होता. मी माझ्या शेजारचं दोन खोल्यांचं घर त्यांच्यासाठी बोलून ठेवलं होतं. त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि ते मी त्यांना रोज सांगत होतो. ते रोज म्हणायचे, "पाहून राहिलो ना."

शेवटी एका रविवारी पत्ते वाटण्याआधी म्हणाले, "हा डाव जिंकलो तं कांचघर. हरलो तं पोराकडे. आता डोकं नाही चालत माहं."

माझ्या हातात दुर्री आणि सत्ती आली. याहून भिकार पत्ते नसतात. मला आनंद झाला. शेवटचं पान उघडेपर्यंत बाकी दोघांनी पत्ते टाकले होते. मी सगळे चिंचोके पुढे सारले. भाऊ पाहणार, जिंकणार आणि शेजारी राहणार, यात मला शंका नव्हती.

भाऊंनी चष्मा पुसला, कपाळावर चढवला. चहा निवला. मग त्यांनी पत्ते पालथे टाकले.

"काहून?" मी विचारलं.

"मोठे असतीन तुह्ये," ते म्हणाले. "चलो, जातो मग पोराकडे." आणि थंड चहा पिऊन स्कूटर काढली.

ते गेल्यावर मी त्यांचे पत्ते उलटून पाहिले. दोन बादशाह. तिसरा मध्ये उघडाच पडलेला होता. आयुष्यभर कचऱ्यावर ढीग लावणाऱ्या माणसाने तीन बादशाह टाकून दिले होते. त्यांना नातीकडे जायचं होतं. फक्त मला नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

आता आम्ही तिघेच खेळतो. रविवारी डावाच्या मध्ये फोन येतो, आणि पहिला प्रश्न तोच असतो.

"खरं सांग बाप्पा, काय होतं त्या दिवशी तुह्याकडे?"

"मोठे होते भाऊ," मी म्हणतो. "तुम्ही हरलेच असते."

"वाटलंच होतं मले," भाऊ म्हणतात. मागे नात हसत असते.