जिवंतपणी खाली घेतलेली प्रयागबाई

पिंपळीच्या प्रयागबाईला तिच्या माणसांनी जिवंतपणी बाजेवरून खाली भुईवर घेतलं. ती शुद्धीवर येऊन "मला वर घ्या" म्हणू लागली, तेव्हा मात्र तिला कोणी वर घेईना. पंचावन्न साल संपत आलं होतं, थंडी कडाक्याची होती. गावात पुढे ही गोष्ट लोक हसून सांगत. हसण्यासारखं त्यात थोडंच होतं, बाकी सगळं ऐकून संताप यावा असं होतं.

प्रयागबाई ही काही पडून राहणारी बाई नव्हती. नवरा गेला तेव्हा मुलगा रामहरी नुकता चालायला लागला होता आणि मुलगी झुंबर पाळण्यात होती. कालव्याखालच्या रानात तिने वांगी, मेथी, गवार पिकवली आणि डोक्यावर पाटी घेऊन बारामतीच्या बाजारात बसली. गिऱ्हाइकाने वांगं दाबून पाहिलं की म्हणायची, "घ्यायचं आसंल तर दाबा, न्हायतर सोयरीक बगाय आल्यावानी चाचपू नगा." झुंबरला तिने इंदापूर तालुक्यात नद्यांच्या संगमावरच्या नरसिंहपूरला दिली. रामहरीसाठी म्हाळसा सून म्हणून आणली. रानात काय लावायचं आणि दारात आलेल्या कोणाला परतवून लावायचं, हे सगळं तीच ठरवायची.

तिचे धाकटे दीर आबाजी शेजारच्याच घरात राहत. भावकीत लग्न असो की मयत, त्यांना विचारल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नसे. एकटी प्रयागबाई विचारत नसे, आणि ते आबाजींना वर्षानुवर्षं सलत होतं.

त्या थंडीत तिच्या छातीत कळा येऊ लागल्या, अंगात ताप भरला. रामहरीने तिला छकड्यात घालून बारामतीला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, इंजेक्शन दिलं आणि टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या रामहरीशी तिच्या अंगावरूनच बोलले.

"दोन्हीकडे कफ भरलाय. वय झालंय. घरी न्या, कोणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या. बाईंना काही सांगू नका."

प्रयागबाई डोळे उघडे ठेवून ऐकत होती. जिच्या मरणाची गोष्ट चालली होती, तिच्याशी एक शब्द बोलायला डॉक्टरांना सवड नव्हती. बैल विकायला आणलेला मालकसुद्धा बोलताना बैलाच्या पाठीवर हात ठेवतो.

परत येताना तिने विचारलं, "काय म्हणलं रं डागदर?"

"काय न्हाय आई. बरं वाटंल म्हणलं."

पोराने तोंडावर खोटं बोलावं आणि तेही असं मान फिरवून, हे तिला छातीच्या कळेहून जास्त लागलं. पण बोलायला अंगात त्राण नव्हतं.

घरी येताच आबाजींनी कारभार हाती घेतला. नरसिंहपूरला झुंबरकडे माणूस धाडला, "आईची काय शाश्वती न्हाय, येताना संगमाचं तीर्थ घिऊन यी." दुसऱ्या दिवशी प्रयागबाईला दरदरून घाम सुटला. अंग गार पडलं, हातपाय थंड झाले आणि ती डोळे मिटून निपचित पडली. इंजेक्शन लागू पडून ताप उतरत होता. पण घरातल्यांनी आजवर घामाने भिजून गार पडलेली माणसं पाहिली होती ती जाणारीच. आबाजींनी तिच्या तळपायाला हात लावला आणि म्हणाले, "झालं. खाली घ्या वैनीला."

मरणारा माणूस बाजेवर गेला तर त्याचा जीव बाजेत अडकतो, म्हणून श्वास असतानाच त्याला भुईवर घ्यायचं, ही तिकडची रीत. सोप्यात शेणाने सारवलं, वर घोंगडं टाकलं आणि प्रयागबाईला त्यावर निजवलं. तोंडात तुळशीचं पान ठेवलं. बाज अंगणात नेऊन भिंतीला उभी केली. आबाजींनी म्हाळसाला चूल विझवायला लावली. घरात मयत असलं की चूल पेटत नाही हे खरं, पण इथे मयत होतं कुठे? मेलेल्या माणसाचा नियम त्यांनी जित्या बाईला लावून टाकला.

दुपार कलली तेव्हा प्रयागबाईने डोळे उघडले. ताप नव्हता, डोकं हलकं होतं. पाठीखालून सारवणाची ओल घोंगड्यातून वर येत होती. तोंडात कसलं तरी पान होतं, ते तिने थुंकून टाकलं. दारातून अंगण दिसत होतं. तिथे भावकीतली माणसं बसली होती आणि दत्तोबा नावाचा पुतण्या दोन हिरवे बांबू खांद्यावरून उतरवत होता.

"म्हाळसा," ती म्हणाली, "हुलग्याचं माडगं कर वाईच. गरम गरम. आन् मला वर घ्या. गारठलीया मी."

म्हाळसा दचकली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चुलीकडे वळली तोच आबाजी दारात आले.

"चुलीला हात लावू नगंस."

"काका, आत्याबाई खायाला मागत्यात."

"जाताना माणूस मागतोच. दिवा इजताना मोटा हुतो. पानी पाज तुळशीचं."

"भावजी," खालून प्रयागबाई म्हणाली, "मी ऐकतीया. कान अजून गेलं न्हाईत माजं."

आबाजी तिच्याकडे न बघता रामहरीला म्हणाले, "एकदा खाली घेतल्यालं मानूस परत वर घेत न्हाईत. घराला दोष लागतो. तुज्या लेकराबाळांवर यील ते."

लेकराबाळांचं नाव काढल्यावर रामहरी खांबाला टेकून उभा राहिला, तो हललाच नाही. चांगला तीस वर्षांचा बाप्या, बैलाला वेसण घालणारा, पण चुलत्यापुढे त्याच्या तोंडाला कुलूप. शेजारच्या बायका येऊन बसल्या. एकीने पदराने डोळे टिपत विचारलं, "कवा गेली?" दुसरी म्हणाली, "जायची हाय अजून." आणि प्रयागबाई दोघींच्या मध्ये, डोळे उघडे ठेवून, थंडीने दात वाजवत पडली होती. ती बोलली की बायका म्हणत, "बडबडतीया बिचारी." गप्प राहिली की म्हणत, "वाचा गेली." काय केलं म्हणजे हे लोक आपल्याला जिवंत धरतील, हे तिला कळेना. रागाने तिचा श्वास फुलला, तर आबाजी म्हणाले, "ऊर्ध्व लागला."

रात्रभर ती त्याच भुईवर होती. म्हाळसाने आबाजींची नजर चुकवून तिच्या अंगावर स्वतःची वाकळ घातली, एवढीच काय ती त्या घरातली माणुसकी.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबर आली. इंदापूरवरून एस. टी.ने बारामतीला उतरली आणि तिथून चालत. काखेत तीर्थाचा तांब्या होता, तोंडावर फडकं बांधलेला. अंगणात बांबू बघून तिने तिथेच हंबरडा फोडला. आतून आवाज आला,

"ए झुंबरे, वरडतीस कशाला? आत यी आधी."

झुंबर धावत आत गेली. आईच्या गालाला हात लावला, कपाळाला लावला. "आई, ताप न्हाय गं तुला."

"तेच सांगतीया मी कालधरनं. तुजं ऐकत्यात का बग. काय हाय त्या तांब्यात?"

"संगमाचं तीर्थ."

"ठीव चुलीवर. चहा कर त्याचा."

सोप्यात बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. झुंबरने क्षणभर तांब्याकडे पाहिलं. मग म्हाळसाला म्हणाली, "वैनी, काड्या कुटं हायत?" दोघींनी मिळून चूल पेटवली. धूर बघून आबाजी आत आले.

"तीर्थाचा चहा? अगं काय धरमबिरम हाय का न्हाय?"

"आईच्या तोंडात घालाय सांगितलं हुतं ना तुमी?" झुंबर म्हणाली. "तिच्याच तोंडात घालतीया."

चहा पोटात गेल्यावर प्रयागबाईला जरा तरतरी आली. झुंबरने अंगणात जाऊन उभी बाज आडवी केली आणि ओढत सोप्यात आणली. "दादा, आईचं पाय धर." रामहरीने चुलत्याकडे पाहिलं. "त्यांच्याकडं काय बगतूस, आई हिकडं हाय." तेव्हा कुठे तो पुढे झाला. म्हाळसाही आली आणि तिघांनी मिळून तिला वर घेतलं.

आबाजींनी पागोटं नीट केलं. "बाजंवर मेली तर मी खांदा देनार न्हाय, सांगून ठिवतो."

"तुमच्या खांद्याची घाई कुनाला हाय?" प्रयागबाई म्हणाली. "मला माडगं पायजे."

झुंबरने रामहरीला डॉक्टरांना आणायला पिटाळलं. ते छकड्यातून आले, छाती तपासली आणि सवयीप्रमाणे रामहरीकडे वळले. "बरीच सुधारणा आहे. आता त्यांना..."

"डागदर," प्रयागबाई म्हणाली, "छाती माजी हाय. माज्यासंगं बोला."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तुम्हांला त्रास नको म्हणून..."

"तुमी मला सोडून ह्यांलाच सांगितलं म्हनून मी गार भुईवर पडले. ह्यांला वाटलं, डागदरानंच हात टेकलं. त्यो तरास कुनाला झाला? खरं काय ते सांगा."

डॉक्टर बाजेच्या कडेला बसले. त्यांनी सांगितलं, कफ सुटतो आहे, पण हृदय थकलंय. हे दुखणं गेलं तरी ते पहिल्यासारखं होणार नाही. किती दिवस, ते सांगता येणार नाही.

"त्या दिशी तर सांगत हुता."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "चुकलं," ते हळूच म्हणाले. त्यांच्याबद्दल बरं म्हणावं असं यात एवढंच सापडतं.

डॉक्टर गेल्यावर तिने मुलाला, मुलीला, सुनेला जवळ बसवलं. "ऐका. माजी येळ आली म्हंजी मला खाली घ्यायचं न्हाय. मी बाजंवर जानार. जीव अडाकला तर अडकू द्या, बाज माज्या हातची इनलेली हाय. जे ठरवायचं ते मला इचारून. बोलता यीना झालं तर ह्ये आत्ता सांगितल्यालं धरा." रामहरीने मान डोलावली. "मान नगं, तोंडानं बोल." "व्हय आई," तो म्हणाला.

ती उन्हाळ्यापर्यंत जगली. रानात जाणं झालं नाही, पण लिंबाखाली बाजेवर बसून गवारीच्या शेंगा निवडायची, वाटेने जाणाऱ्या माणसाला टोमणा मारायची. कोणी "कसं हाय?" विचारलं की म्हणायची, "बांबू वाळत्यात."

चैत्रातल्या एका दुपारी शेंगा निवडता निवडताच तिला धाप लागली. म्हाळसाने हाक मारली, रामहरी मळ्यातून धावत आला. शेजारून आबाजीही आले. "खाली घ्या, रामहरी, बगत काय राह्यलाय? घ्या खाली!"

प्रयागबाईला बोलता येत नव्हतं. तिने फक्त मुलाकडे पाहिलं. रामहरी बाजेवर बसला, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिथून उठला नाही. आबाजींनी त्याचा दंड धरून ओढलं, तरी उठला नाही. थोड्याच वेळात ती गेली.

आबाजींनी खांदा दिला, कारण न दिला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. तेराव्याला पंगत बसली तेव्हा ते सोयऱ्यांना सांगू लागले, "सगळं रीतीपरमानं झालं. वैनीला येळंवर खाली घेतली, जीव हुता. मी स्वता हात लावला."

बाईचं जिवंतपणी ऐकलं नाही ते नाहीच, आता तिच्या मरणालाही त्यांनी आपल्या सोयीने खाली उतरवलं. झुंबर वाढत होती. तिने आमटीची बादली पंगतीत खाली ठेवली.

"काका खोटं बोलत्यात," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आई बाजंवर गेली."

सोयरे खाता खाता थांबले. आबाजी लाल झाले. "पोरी, घराची अब्रू राकाय बोललो मी."

"ती तुमची अब्रू. आईनं तिला पायजे तसं मरन मागितलं हुतं, तेवडं तरी तिला राहू द्या."

आबाजींनी रामहरीकडे पाहिलं, त्याने झुंबरला गप्प करावं म्हणून. रामहरी दाराशी पाण्याचा हंडा धरून उभा होता.

"व्हय," तो म्हणाला. "माज्या मांडीवर गेली. बाजंवर."

मग तो पाणी वाढायला पंगतीत शिरला, आणि पहिलं पाणी त्याने चुलत्याच्याच तांब्यात ओतलं.