भिंतीवर नसलेल्या कुसुमताई

तुम्हीच सांगा, कबड्डी बघताना तुमची नजर कोणावर असते?

चढाई करणारीवर ना? सगळ्यांचीच असते. एकटी मुलगी 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या सातजणींत शिरते, कोणाला तरी शिवते आणि परत पळते. टाळ्या तिला. आणि तिला पकडणारी? ती मातीत, बाकीच्यांच्या खाली. तिच्याकडे बघायला वेळ कोणाला असतो!

छत्रीबागेतल्या आमच्या मंडळाच्या मैदानावर आम्ही जुन्या खेळाडू बायका अजूनही रोज सकाळी फिरायला जमतो. फिरणं थोडं, बोलणं जास्त. तिथे कुसुमताईंचे किस्से लग्नघराबाहेरच्या चपलांसारखे साठलेत. आपली शोधायला जावं तर दुसरीच पायात येते. एक सांगायला घेतला की भलताच निघतो.

पण आता सांगायला कारण आहे. कुसुमताई इंदूर सोडून चालल्या होत्या, लेकाकडे, बंगळुरूला. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये एक गौरवभिंत आहे. नाव कमावलेल्या खेळाडूंचे फोटो तिथे लावतात. कुसुमताईंचा फोटो तिथे नाही. तो लागावा आणि त्या इथे असताना लागावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

*

कुसुमताई आमच्या टीमच्या लेफ्ट कॉर्नर. म्हणजे रांगेत अगदी डावीकडे, शेवटी उभं राहायचं आणि चढाई करणारी जवळ आली की तिचा घोटा धरायचा. आमचे सर सांगायचे, "पाय मागे जाताना दिसला की विचार करायचा नाही. धरायचा!"

कुसुमताईंनी हे फारच मनावर घेतलं होतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्या मैदानावर होत्या. लग्न लागलं, वरात सासरी आली, माप ओलांडून झालं. मग नव्या सूनबाई सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या. सासूबाई म्हणजे जुन्या दरबारी घराण्यातल्या, ताठ कण्याच्या. पण रीत म्हणून त्या "असू दे, असू दे" म्हणाल्या आणि पाय जरासा मागे घेतला.

पाय मागे जाताना दिसला, आणि कुसुमताईंनी दोन्ही हातांनी घोटा धरला!

सासूबाई एका पायावर, हात दाराच्या चौकटीला. सगळं घर बघत राहिलं. आणि त्या ओरडल्या, "अगं, दिला आशीर्वाद! दिला ना! आता पाय सोड!"

*

एकदा पेपरात आमचा फोटो यायचा होता. फोटोग्राफर आला, आम्हाला रांगेत उभं केलं. कुसुमताई सवयीने डावीकडे, सगळ्यात शेवटी. तो म्हणाला, "मैडम, थोड़ा अंदर आइए." त्या आत आल्या. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, की त्या परत एक पाऊल बाहेर. कॉर्नरने रांगेला चिकटून उभं राहायचं नसतं ना!

"मैडम, अंदर!"

"हौ भिया, आली."

आणि पुन्हा बाहेर.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. आम्ही सगळ्या हसतोय, आणि डावीकडे शेवटी नुसता एक हात. शैलाने तो कागद मैदानभर फिरवला. "ये हाथ किसका है, बताओ!" म्हणत ती पोट धरून हसत होती. आम्हीही हसलो.

कुसुमताईंच्या आईने मात्र ते कात्रण देवघराशेजारी लावलं होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती बोट ठेवून दाखवायची, "हा हात आमच्या कुसुमचा."

*

शैला म्हणजे आमची चढाईची राणी. गौरवभिंतीवर मधोमध फोटो आहे तो तिचा. स्वभावाने मोकळी, तोंडाने फटाकडी. तिचा फोटो ज्या सामन्यामुळे लागला तो उज्जैनला झाला होता, गौतमपुऱ्याच्या मुलींविरुद्ध. फायनल होती.

गौतमपुऱ्याकडे रामकुंवर नावाची एक मुलगी होती. शेतात वाढलेली, हरणासारखी पळायची. गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई तिची. मी राखीव खेळाडू होते, पाण्याची बाटली घेऊन बाहेर बसले होते. रामकुंवर आत आली, वळली, मध्यरेषेकडे झेपावली. डावीकडून कोणीतरी वाकलं, आणि मग नुसती धूळ. एकीवर एक सगळ्या पडल्या. खालून 'कबड्डी कबड्डी' ऐकू येत होतं, कारण दम टिकवून रेषेला हात लागला असता तर ती जिंकली असती. मग आवाज थांबला. पंचांची शिटी!

सगळ्यात वर शैला होती. ती उठली, तिने दोन्ही हात वर केले. गुण लिहिणाऱ्याला वरून जी दिसली तिचं नाव त्याने लिहिलं. तेव्हा असंच चालायचं. ढिगात वर कोण, पकड तिची. उत्कृष्ट खेळाडूचा कप शैलाला मिळाला.

सगळ्यात शेवटी कुसुमताई उठल्या. उजवा हात काखेत दाबलेला. करंगळी तुटली होती, ती आजही वाकडी आहे.

मी परतीच्या बसमध्ये विचारलं, "ताई, सांगितलं का नाही? पाय तुम्ही धरलेला ना?"

त्या म्हणाल्या, "कसं सांगू गं नलू? खालून हात वर केला असता तर पाय सुटला असता!"

*

आता मैदानावर ज्या मुली येतात त्या टीव्हीवरची कबड्डी बघून येतात. सगळ्यांना चढाईच करायची असते. मागच्या वर्षी कुसुमताईंनी त्यांना ओळीत उभं करून विचारलं, "कॉर्नर कोण होणार?"

सगळ्या मातीकडे बघायला लागल्या.

"कोणीच नाही?"

शेवटी एका बारक्या मुलीने हात वर केला. कुसुमताईंचा चेहरा असा फुलला म्हणता! "शाब्बास! ये पुढे, बेटा."

ती म्हणाली, "ताई, मला बाथरूमला जायचंय."

कुसुमताई म्हणाल्या, "जा. पण परत आलीस ना, की तूच कॉर्नर!"

ती परत आली. आज ती कॉर्नरच खेळते. आणि गंमत म्हणजे, फोटो काढताना तीही एक पाऊल बाहेर उभी राहते.

*

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. मला मीटिंगमधलं बोलणं जमत नाही. तरी उभी राहिले आणि म्हटलं, "कुसुमताई जायच्या आत त्यांचा फोटो लावा."

आमचे सेक्रेटरी दिघेकाका. माणूस वाईट नाही, पण नियमाचा पक्का. ते म्हणाले, "वैयक्तिक बक्षीस मिळालेल्यांचाच फोटो लागतो. कुसुमला कधी मिळालंय?"

"पकड करणाऱ्यांना तेव्हा बक्षीस ठेवतच नव्हते, काका."

"मग त्याला मी काय करू?"

शशांक म्हणून कमिटीत एक तरुण मुलगा आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. तो म्हणाला, "काका, फ्लेक्सिबल व्हा ना थोडं. कॉर्नर नसेल तर टीमचा डिफेन्सच नाही."

तेवढ्यात शैला बोलली. "हे बघा, चांगलं सगळ्याच खेळल्या. मग सगळ्यांचेच लावा ना! भिंत आहे की आधारकार्डाचं ऑफिस?"

लोक हसले. मला रडू यायला लागलं, म्हणून मी रागावले. म्हटलं, "शैला, ज्या पकडीवर तुझा फोटो लागलाय ती पकड कुसुमताईंची होती."

शैलाचा चेहरा उतरला. "कमर मी धरली होती," ती म्हणाली. "मला आठवतं. माझ्या हातात होती ती."

मीटिंग तशीच उठली.

कुसुमताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मलाच झापलं. "काय करून राहिलीस तू नलू! भिंतीला खिळे तरी किती ठोकायचे? आता या वयात मी फोटोसाठी भांडू?"

आम्ही मैदानाच्या दोन चकरा मारल्या. त्या सामान बांधायचं बोलत होत्या, कोणती भांडी द्यायची, कोणती न्यायची. मग चालता चालता त्यांनी हळूच विचारलं, "नलू, समजा लागला असता, तर कुठे लागला असता गं? खिडकीशेजारी जागा आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

"हं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यांचं बोलायला लागल्या.

*

दोन-तीन दिवसांनी सकाळी सकाळीच शैला माझ्या दारात उभी. "चप्पल घाल. गौतमपुऱ्याला जायचंय."

"गौतमपुऱ्याला? आता काय दिवाळीनंतरची ती हिंगोटची लढाई आहे का तिकडे?"

"जिचा पाय होता तिलाच विचारू ना! तिला तर माहीत असेल कोणी धरला. मग तू पण गप्प आणि मी पण गप्प."

बसस्टँडवर चहावाल्याला विचारलं. कबड्डीवाली रामकुंवरबाई म्हटल्यावर त्याने हात करून घर दाखवलं. अंगणात लसणाचा ढीग पडलेला आणि केस पिकलेली एक बाई निवडत बसलेली. आम्ही इंदूरच्या, उज्जैनला खेळलेल्या, असं सांगितलं तशी ती लसूण टाकून उठली.

"अरे राम! मेरे को हराने वाली! बैठो, बैठो. चाय पिए बिना जाने नहीं दूँगी."

चहा आला. शैलाला दम कुठला! "बाई, एक बात बताओ. उस दिन तुमको पकड़ा किसने था? कमर से मैंने पकड़ा था ना?"

रामकुंवरबाईने तिच्याकडे नीट बघितलं. "तुमने पकड़ा होगा, बहना. पर कमर तो बाद में पकड़ी किसी ने. तब तक तो मैं गिर गई थी. पाँव किसी और के हाथ में था."

"चेहरा देखा था उसका?"

"चेहरा कैसे देखती? मेरा मुँह तो धूल में था. पर वो बोली थी."

"क्या बोली?"

"बोली, 'दम छोड़ दे बहना, मैं तो छोड़ूँगी नहीं. पाँव टूट जाएगा तेरा.' मैंने नहीं छोड़ा. मैं भी ज़िद्दी थी! तो ऊपर से सब गिरने लगीं, और उसने अपना हाथ मेरे पाँव के नीचे लगा दिया. फिर कुछ कड़का. मैं डर गई, समझी मेरा पाँव गया. दम वहीं टूट गया मेरा."

तिने लुगडं जरा वर करून पाय पुढे केला. भेगाळलेला, मातीचा, धडधाकट पाय.

"ये तो नहीं टूटा. बरसों से इसी पे खेत में खड़ी हूँ. टूटा किसका, ये आज तक पता नहीं चला."

शैलाने कप खाली ठेवला. म्हणाली, "उसकी उँगली टूटी थी. कुसुम नाम है उसका. इंदौर छोड़ के जा रही है."

रामकुंवरबाईने लुगडं सारखं केलं. मग कधी जाणार, ते विचारलं.

परतीच्या बसमध्ये देपालपूर येईपर्यंत शैला खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "नलू, मी खोटं नव्हते बोलत गं. मला खरंच वाटायचं, मीच धरली."

मी म्हटलं, "ढिगात सगळ्यांनाच तसं वाटत असेल."

कुसुमताई निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा मीटिंग झाली. या वेळी शैला उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, काही न गाळता. पकड तिची नव्हती हेही सांगितलं, स्वतःच्या फोटोखाली उभं राहून सांगितलं. शशांक टेबलावर हात मारून म्हणाला, "खुद्द रेडर बोलतेय, काका! इससे बड़ा प्रूफ क्या होगा?"

दिघेकाकांनी चष्मा काढून पुसला. "बोलतेय कुठे? गौतमपुऱ्यात बोलली म्हणे. इथे कोण आलंय? शैला, तुझं मन मोठं आहे. पण उद्या कोणीही येऊन म्हणेल, पाय मी धरला होता. पुढच्या वर्षी बघू."

कुसुमताईंना सांगायला मीच गेले. घरात खोक्यांवर खोकी. त्या सुतळी बांधत होत्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हौ, चालेल. पुढच्या वर्षी मी नसेन इथे, पण भिंत तर असेल."

मग म्हणाल्या, "तिचा पाय बरा आहे ना पण? नीट बघितलास तू?"

"बघितला, ताई. शेतात काम करते त्याच पायाने."

त्यांनी सुतळीची गाठ मारली. ती सुटली. पुन्हा मारली.

मी बाहेर आले तर गल्लीच्या तोंडाशी शैला उभी होती, फोनवर कोणाशी तरी हिंदीत बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघेकाका मैदानातल्या बाकावर बसलेले असताना रामकुंवरबाई गौतमपुऱ्याच्या पहिल्या बसने आल्या, "जिसने पाँव पकड़ा था, वो आए!" म्हणत पदर खोचून मध्यरेषेवर उभ्या राहिल्या, आणि निरोप घ्यायला आलेल्या कुसुमताई चपला काढून डावीकडे, शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.